जिद्दीचे कौतुक आणि जिन्याच्या पायऱ्या

यंदाच्या वासंतिक व्याख्यानमालेचे सूत्र ‘जिद्द’ असे ठरले होते. पाच दिवसांत पाच व्याख्याने झाली आणि त्यांपैकी चार व्याख्यानांत अपंगांच्या कथा आल्या. एका वक्त्यांनी ‘अमेरिकेतील एका मोटारसायकलपटूची’ कथा सांगितली. हा तरुण पडला, छातीखालचे शरीर लुळे झाले, पण त्याने जिद्द सोडली नाही आणि पुढे हवाई बेटावरील जगातील सर्वांत खडतर शर्यत चाकाच्या खुर्चीतून जिंकून दाखविली. कथा दोन मिनिटांत संपली, टाळ्यांचा कडकडाट झाला आणि वक्ते पुढच्या उदाहरणाकडे वळले. त्या मोटारसायकलपटूचे नाव त्यांनी सांगितले नाही. श्रोत्यांपैकी कोणी ते विचारलेही नाही.

हे केवळ विस्मरण असते तर त्यावर लेखणी उचलण्याचे कारण नव्हते. परंतु या कथाप्रकाराला नावाची गरजच नसते. नाव आले की गाव येते, साल येते, खर्चाचा हिशेब येतो, सोबतची माणसे येतात, आणि मग कथा दोन मिनिटांत आटोपत नाही. आम्ही या प्रकाराला ‘जिद्दकथा’ म्हणतो. दिवाळी अंक, शाळांची स्नेहसंमेलने, सहकारी बँकांचे वर्धापनदिन, सर्वत्र तिचा सुकाळ आहे. आमचे म्हणणे असे की, जिद्दकथा ही अपंगाच्या उपयोगाची नसून धडधाकट श्रोत्याच्या सोयीची आहे. ती ऐकल्यावर श्रोत्याचे डोळे पाणावतात आणि त्याला दुसरे काहीही करावे लागत नाही. हे म्हणणे आम्ही त्याच मोटारसायकलपटूच्या चरित्राच्या आधारे मांडू इच्छितो, कारण ते चरित्र सबंध वाचले तर ते वक्त्यांच्या विरुद्ध साक्ष देते.

त्याचे नाव डेव्हिड बेली.

मोटोक्रॉस हा खेळ आमच्या वाचकांपैकी अनेकांना अपरिचित असेल, म्हणून थोडे सांगितले पाहिजे. ही डांबरी धावपट्टीवरची शर्यत नव्हे. चढउतार, चिखल, मातीचे उंचवटे, त्यांवरून घेतलेल्या लांबच लांब उड्या, असा हा प्रकार आहे. इंग्लंडात १९२४ साली कॅम्बर्ली येथे भरलेल्या शर्यतीपासून त्याचा आरंभ मानतात. पुढे १९७२ साली लॉस एंजेलिसच्या कोलिझियम मैदानात माती आणून टाकून तो प्रेक्षागृहात आणला गेला आणि त्या रूपाला ‘सुपरक्रॉस’ हे नाव मिळाले. वरवर पाहणाऱ्याला वाटते की गाडी हातांनी चालते. वस्तुतः ती पायांनी चालते. स्वार बहुतेक वेळ पायटांवर उभा असतो, गाडी गुडघ्यांत धरलेली असते, उडीनंतर जमिनीवर आदळण्याचा हिसका मांड्या आणि पोटऱ्या झेलतात. गिअर डाव्या पायाने, मागचा ब्रेक उजव्या पायाने. म्हणजे ज्याचे पाय गेले त्याचा हा व्यवसाय केवळ अवघड होत नाही, मुळापासून जातो. आमच्याकडे हा खेळ अगदी अनोळखी राहिला आहे असेही नाही. बेंगळुरूचा सी. एस. संतोष हा मोटोक्रॉसमधूनच पुढे येऊन २०१५ साली डाकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, आणि २०२१ च्या जानेवारीत त्याच रॅलीत सौदी अरेबियाच्या वाळवंटात पडून त्याला कृत्रिम बेशुद्धीत ठेवावे लागले होते. २०२४ च्या जानेवारीत पुण्यात नव्या सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली. तेव्हा हा प्रश्न सर्वस्वी परका आहे, असे समजून पान उलटू नये.

बेली व्हर्जिनियात वाढला. त्याचे सावत्र वडील गॅरी बेली हे मोटोक्रॉस शिकविण्याच्या शाळा चालवीत. खेळाच्या वर्तुळात त्यांना ‘प्राध्यापक’ म्हणत. मुलगा त्यांच्याकडून वळणावर गाडी कशी टेकवायची, उडी घेताना शरीराचा तोल कोठे असावा, हे शास्त्र म्हणून शिकला, आणि त्याच्या शैलीचे कौतुक आजही होते ते तिच्या सफाईसाठी. १९८३ साली तो अमेरिकेचा सुपरक्रॉस विजेता आणि २५० सीसी गटातील राष्ट्रीय विजेता झाला. १९८४ साली ५०० सीसी गटातील राष्ट्रीय विजेता. १९८६ च्या आरंभी ॲनाहाइमच्या मैदानात संघसहकारी रिक जॉन्सन याच्याशी त्याची जी लढत झाली आणि जी त्याने जिंकली, तिची आठवण त्या खेळाचे रसिक अजून काढतात. त्याच वर्षी इटलीतील मॅजोरा येथे राष्ट्रसंघांच्या स्पर्धेत बेली, जॉन्सन आणि जॉनी ओ’मारा या त्रिकुटाने अमेरिकेला विजय मिळवून दिला.

१९८७ च्या जानेवारीत, नवा हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर, कॅलिफोर्नियातील ह्यूरन येथे सराव करताना तो पडला. पाठीचा कणा मोडला. वय २५.

येथून पुढे जिद्दकथा एक झेप घेते आणि थेट ऑक्टोबर २००० मध्ये उतरते, हवाई बेटांवरील कोना येथे, आयर्नमन शर्यतीच्या अंतिम रेषेवर. १९८७ आणि २००० यांच्यामध्ये १३ वर्षे आहेत. आमचा सारा वाद या गाळलेल्या १३ वर्षांविषयी आहे.

छातीखाली मज्जारज्जू तुटला म्हणजे केवळ चालणे जात नाही. त्वचेला स्पर्श कळत नाही, म्हणून बसल्या जागी चिघळणारे व्रण होतात आणि ते लक्षात येईपर्यंत हाडापर्यंत पोहोचतात. लघवीची व्यवस्था कृत्रिम करावी लागते व तिच्यातून जंतुसंसर्ग होत राहतो. जखमेच्या पातळीखाली घाम येत नाही, त्यामुळे उन्हात शरीर तापते ते तापतच जाते. या गोष्टी जिद्दीने बऱ्या होत नाहीत. त्यांना योग्य गादी लागते, दर काही मिनिटांनी अंग उचलण्याची शिस्त लागते, शिकविणारे परिचारक लागतात, घरचे माणूस लागते, आणि या सर्वांना पैसा लागतो. हा तपशील व्यासपीठावर सांगणे कोणाला अशोभनीय वाटेल. परंतु तो वगळून सांगितलेली अपंगाची कथा म्हणजे दुष्काळाची कथा पाऊस हा शब्द न उच्चारता सांगण्यासारखे आहे.

मग या माणसाला ‘नवे ध्येय’ मिळाले कोठे? वक्ते म्हणाले, अंतःकरणात. आमचे उत्तर वेगळे आहे. पहिले ध्येय त्याला मिळाले ते दूरचित्रवाणीच्या निवेदन-कक्षात. सुपरक्रॉसच्या शर्यतींचे प्रक्षेपण करणाऱ्या वाहिनीने त्याला समालोचक म्हणून बसविले आणि आर्ट एकमन या निवेदकाच्या जोडीने त्याने वर्षानुवर्षे ते काम केले. येथे जरा थांबून पाहावे. पायांबरोबर गाडी गेली. पण वळणाची ओळ कोणती, अमुक स्वार दोन उड्या एकत्र का घेत नाही, तमुक जण थकला आहे हे त्याच्या कोपरांवरून कसे कळते, हे सारे ज्ञान डोक्यात जसेच्या तसे होते. प्राध्यापकाचा मुलगा शिकवू लागला, इतकाच त्याचा अर्थ. या कामात दयेचा भाग नव्हता. त्याच्याइतके ते जाणणारे थोडेच होते. मात्र ते ज्ञान कामी येण्यासाठी कोणीतरी त्याला खुर्चीसह त्या कक्षापर्यंत पोहोचू दिले पाहिजे होते, ध्वनिक्षेपक त्याच्या हाती दिला पाहिजे होता आणि महिन्याच्या शेवटी त्याचे मानधन दिले पाहिजे होते. जिद्दकथेत समालोचन कधीच येत नाही, कारण नोकरीवर टाळ्या पडत नाहीत. आमच्या मते बेलीच्या चरित्रातील सर्वांत महत्त्वाची घटना तीच आहे.

आता आयर्नमनकडे येऊ. ३.८ किलोमीटर समुद्रात पोहणे, १८० किलोमीटर सायकल, आणि त्यानंतर ४२.२ किलोमीटर धाव, हे सर्व एका दिवसात, वेळेच्या मर्यादेत. पाय नसलेला स्पर्धक हे कसे करतो? पोहताना पाय ओढणीसारखे मागे तरंगत येतात. किनाऱ्यावर मदतनीस त्याला उचलून बाहेर आणतात. सायकलीऐवजी हातांनी फिरवायची सायकल असते आणि लाव्हारसाच्या काळ्या खडकांमधून, समोरून येणाऱ्या वाऱ्यात, तिची पायटे दंडांच्या बळावर फिरवावी लागतात. धावेऐवजी तीन चाकांची शर्यतीची खुर्ची. घाम न येणाऱ्या शरीरासाठी वरून पाणी ओतत राहावे लागते. बेलीचे शौर्य नाकारण्याचा प्रश्नच येत नाही. इतके शौर्य आम्ही स्वप्नातही करू शकणार नाही. परंतु हे शौर्य करण्यासाठी प्रथम त्या शर्यतीत त्याच्यासाठी गट असावा लागला. तो गट आपोआप उगवला नव्हता. जॉन मॅक्लीन हा ऑस्ट्रेलियन खेळाडू १९९५ साली चाकाच्या खुर्चीतून कोनाचे सबंध अंतर पार करून गेला, पण सायकलीच्या टप्प्याची वेळमर्यादा त्याला गाठता आली नव्हती. १९९७ साली त्याने ती गाठली आणि त्याच वर्षी या शर्यतीत अपंगांच्या गटाला अधिकृत स्थान मिळाले. बेली आला तो या उघडलेल्या दारातून.

आणखी एक माणूस जिद्दकथेतून हमखास गळतो: कार्लोस मोलेडा. अमेरिकी नौदलाच्या कमांडो पथकातला हा सैनिक १९८९ च्या डिसेंबरात पनामात गोळी लागून पांगळा झाला. १९९८ आणि १९९९ अशी सलग दोन वर्षे त्याने कोनाला बेलीला हरविले. तिसऱ्या वर्षी बेली जिंकला. म्हणजे वक्त्यांनी सांगितलेली ‘नियतीवर मात’ प्रत्यक्षात एका दुसऱ्या, त्याच्याइतक्याच कसलेल्या माणसावर मात होती, आणि तीही दोनदा हरल्यानंतर. खेळाडूला खेळाडू करणारी गोष्ट म्हणजे प्रतिस्पर्धी. बेलीला मोलेडा मिळाला, तेव्हा त्याला जॉन्सनबरोबरचे दिवस परत मिळाले असे म्हणता येईल. धडधाकट माणसांनी त्याला टाळ्या दिल्या असत्या, परंतु त्याच्याशी बरोबरीने झगडू शकेल असा माणूस फक्त त्या गटातच मिळणार होता. कौतुकाने माणूस एकटा पडतो, हा आमचा अनुभव आहे. स्पर्धेने पडत नाही.

त्या १३ वर्षांत त्याच्या देशात आणखी काही घडले. १९९० च्या मार्चमध्ये वॉशिंग्टनला संसदभवनासमोर अपंगांचा एक मोर्चा आला. मागणी कायद्याची होती. भवनाच्या पायऱ्यांपाशी आल्यावर मोर्चातील अनेकांनी चाकांच्या खुर्च्या आणि कुबड्या खाली ठेवल्या आणि हातांवर सरपटत त्या पायऱ्या चढायला सुरुवात केली. त्यांत आठ वर्षांची एक मुलगीही होती. जुलैत तो कायदा झाला. बसमध्ये, कचेरीत, नाट्यगृहात, विमानतळावर अपंगाला जाता आले पाहिजे, आणि जाता येत नसेल तर दोष इमारतीचा, हे त्या कायद्याने ठरविले. पायऱ्या चढून दाखविणाऱ्यांना त्या दिवशी कोणी जिद्दीचे पारितोषिक दिले असते तर त्यांनी ते फेकून दिले असते. ते चढत होते ते पुन्हा चढावे लागू नये म्हणून.

अमेरिकेत सारे आलबेल आहे, असे मात्र कोणी समजू नये. बेलीचा एके काळचा संघसहकारी डॅनी चँडलर हा १९८२ च्या राष्ट्रसंघ स्पर्धांत चारही फेऱ्या जिंकणारा अचाट स्वार. १९८५ च्या डिसेंबरात पॅरिसच्या सुपरक्रॉसमध्ये तो पडला आणि पांगळा झाला. पुढे तो शाळाशाळांतून मुलांना सुरक्षिततेविषयी सांगत हिंडला, कोणतीही शर्यत जिंकला नाही आणि २०१० साली वारला. त्याची कथा आमच्या व्यासपीठावर कधी येईल असे वाटत नाही, कारण तिच्या शेवटी पदक नाही. जिमी बटन हा स्वार २००० च्या जानेवारीत सॅन डिएगोला सरावात पडला. त्याच्या उपचारांसाठी जी धावाधाव झाली तिच्यातूनच त्याने आणि माजी विश्वविजेता बॉब मूर याने त्याच वर्षी जखमी स्वारांसाठी एक निधी उभा केला. बटन पुढे चालू लागला, २०१२ साली त्या निधीसाठी सॅन डिएगोहून फ्लोरिडातील डेटोनापर्यंत सायकलने गेला. संपन्न देशातही या खेळाडूंना उपचारांसाठी वर्गणी गोळा करावी लागते, यातून काय ते समजावे. परंतु बटनचे ‘नवे ध्येय’ कोणते, हेही समजावे: पुढे पडणाऱ्याच्या रुग्णालयाचे बिल. ऑस्ट्रियाचा हाइन्झ किनिगाडनर हा १९८४ आणि १९८५ चा २५० सीसीचा विश्वविजेता. २००३ साली त्याचा मुलगा एका मदतनिधीच्या शर्यतीत पडून पांगळा झाला. बापाने मुलाला जिद्दीची व्याख्याने ऐकविली नाहीत. त्याने २००४ साली मज्जारज्जूच्या संशोधनासाठी प्रतिष्ठान काढले. २०१४ पासून त्या प्रतिष्ठानाची एक धाव जगभर एकाच वेळी होते आणि तिची सर्व प्रवेशशुल्के संशोधनाला जातात. या धावेला अंतिम रेषा नसते. मागून एक मोटार येते आणि ज्याला गाठते त्याची धाव संपते. चाकाच्या खुर्चीतले आणि पायांवरचे एकाच रस्त्यावर असतात आणि मोटार दोघांनाही सारखीच गाठते. ही कल्पना आम्हांला फार आवडली.

आता घरच्या दोन गोष्टी. मराठी वाचकाला हे सारे नवे वाटण्याचे कारण नाही. नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन आमच्या ग्रंथालयात आहे. वयाच्या सोळाव्या वर्षी पांगळ्या झालेल्या या मुलीला निराशेतून बाहेर काढले ते बाबूकाका दिवाण यांच्या भेटीने. स्वतः चाकाच्या खुर्चीत असलेला, व्यवसाय करणारा, हिंडणाफिरणारा माणूस तिने प्रत्यक्ष पाहिला. पुढे नोकरी केली आणि १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था काढली. संस्थेने काय केले? वसतिगृह बांधले, शाळा काढली, सिंधुदुर्गात काजूचा उद्योग उभा केला. प्रत्येक ठिकाणी उतार, रुंद दारे, वापरता येतील अशी स्वच्छतागृहे. हे पुस्तक आमच्याकडे ‘प्रेरणादायी’ या शिक्क्याखाली वाचले जाते. आम्हांला ते बांधकामाचे पुस्तक वाटते.

दुसरी गोष्ट मुरलीकांत पेटकर यांची. सांगली जिल्ह्यातला हा मुष्टियोद्धा सैन्याच्या ईएमई शाखेत होता, जिचे केंद्र आमच्या सिकंदराबादेत आहे. १९६५ च्या युद्धात अंगात गोळ्या घुसल्या, पाय गेले, मुष्टियुद्ध संपले. पोहणे सुरू झाले ते उपचार म्हणून. विजय मर्चंट यांच्या संस्थेने स्पर्धांसाठी हातभार लावला, पुण्याच्या टेल्कोत नोकरी मिळाली, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर मुक्त शैलीत त्यांनी भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. जिद्दकथा येथे संपते. परंतु हिशेब पुढे आहे. पद्मश्री मिळाली २०१८ साली. २०२४ साली त्यांच्यावर चित्रपट आला आणि अर्जुन पुरस्कार हातात पडला २०२५ च्या जानेवारीत. सुवर्णपदकानंतर पद्मश्रीपर्यंत ४६ वर्षे! त्या माणसाची जिद्द १९७२ सालीच सिद्ध झाली होती. इतरांची ४६ वर्षे कोठे होती, असा प्रश्न कोणत्याही व्यासपीठावरून विचारला गेल्याचे आम्ही ऐकले नाही. आमच्याच शहरात मोटारसायकलच्या अपघातात पाय गमावलेले सायकलपटू आदित्य मेहता यांनी जखमी जवानांना आणि अपंग खेळाडूंना शिकविणारी संस्था उभी केली आहे. व्याख्यानमालेला जिद्दच हवी होती तर त्यांच्या संस्थेचे प्रशिक्षण पाहायला एक दिवस सगळ्यांना घेऊन जाता आले असते. पण मग त्या जवानांना परतभेटीला कोठे बोलवायचे, हा पेच पडला असता, त्याविषयी पुढे.

‘तुम्ही जिद्द नाकारता काय?’ असे आम्हांला विचारले जाईल. नाही. जिद्द ही अपंगाची खासगी मालमत्ता आहे. ती त्याने कोठे खर्च करावी हे त्याने ठरवावे. बेलीने ती लाव्हारसाच्या रस्त्यावर खर्च केली. आमचा आक्षेप एवढाच आहे की, टपाल कचेरीत शिरण्यासाठी, मतदान करण्यासाठी, कवितावाचन ऐकण्यासाठी ती खर्च करायला लावू नये. ऑस्ट्रेलियाची स्टेला यंग, जी स्वतः चाकाच्या खुर्चीत होती आणि २०१४ साली वारली, तिने हा मुद्दा फार मिस्कीलपणे मांडला होता: पायऱ्यांकडे पाहून कितीही प्रसन्न हसले तरी त्यांचा उतार होत नाही. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी ‘विकलांग’ या शब्दाऐवजी ‘दिव्यांग’ म्हणावे असे सुचविले आणि पाहता पाहता फलक बदलले. ज्याच्या अवयवांना आपण दिव्य म्हणतो त्याला तळमजल्यावरच्या फलकापाशी उभे करून आपण वर जातो, यातला विनोद अजून कोणाच्या ध्यानात आलेला दिसत नाही. शब्दाच्या बाबतीत आमचा आग्रह नाही. आम्ही ‘अपंग’ लिहितो. ज्यांना खुपेल त्यांनी खुशाल बदलून वाचावे.

कायदा काय म्हणतो तेही सांगून टाकू. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा २०१७ च्या एप्रिलपासून लागू झाला. त्यात ‘सार्वजनिक इमारत’ या शब्दाची व्याख्या आहे, आणि तिच्यात सरकारीच नव्हे तर सर्वसामान्यांच्या वापरातील खासगी इमारतीही येतात. सांस्कृतिक कार्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतींचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. जुन्या सार्वजनिक इमारती नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांच्या आत सुगम कराव्यात, असे कायदा म्हणतो. नियम प्रसिद्ध झाले जून २०१७ मध्ये. मुदत संपली जून २०२२ मध्ये. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने त्या नियमांतील सुगमतेचा नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपाचा असल्याने तो कायद्याशी विसंगत ठरविला आणि बंधनकारक नियम करण्यासाठी सरकारला तीन महिने दिले. साहित्य संस्था म्हणजे सांस्कृतिक कार्य नव्हे, असा युक्तिवाद कार्यकारिणीला करायचा असेल तर तो ऐकायला आम्ही उत्सुक आहोत.

कारण आमच्या संस्थेचे सभागृह पहिल्या मजल्यावर आहे. मध्ये वळण असलेला २२ पायऱ्यांचा जिना आहे. उद्वाहक नाही. तळमजल्यावर एक मोठी खोली आहे, ती वर्षातील बराच काळ साड्यांच्या आणि हातमागाच्या प्रदर्शनांना भाड्याने जाते. ‘जिद्द’ या विषयावरची पाचही व्याख्याने वरच्या सभागृहात झाली. ज्यांच्यासाठी टाळ्या पडल्या त्यांपैकी एकही जण ती ऐकायला येऊ शकला नसता. बेली आला असता तरी खालीच राहिला असता, आणि आयर्नमनचे पदक त्याला २२ पायऱ्या वर नेऊ शकले नसते. चार स्वयंसेवकांनी खुर्चीसकट उचलून नेले असते आणि त्याचे छायाचित्र स्मरणिकेत आले असते.

या संस्थेचे एक ज्येष्ठ सभासद, ज्यांनी या पत्रिकेचे काही वर्षे संपादन केले आणि ज्यांच्या टीकालेखांवर आमच्या पिढीने वाद घालायला शिकले, पक्षाघातानंतर खुर्चीला खिळले आहेत. वाचा शाबूत आहे. वाचन अखंड चालू आहे. संस्थेने त्यांच्या घरी जाऊन शाल आणि श्रीफळ दिले, मानपत्र वाचले, मानपत्रात ‘दुर्दम्य’ हा शब्द दोनदा आला. त्यांनी त्या वेळी एकच विचारले: मासिक चर्चेला मला कसे येता येईल? उत्तर मिळाले की, आपण घरूनच मार्गदर्शन करावे. ज्याच्या डोक्यात बेलीसारखे सारे ज्ञान जसेच्या तसे आहे, ज्याला फक्त निवेदन-कक्ष हवा आहे, त्याला आपण नारळ देतो! गेल्या वार्षिक सभेत हा विषय निघाला तेव्हा उद्वाहकाचा खर्च परवडत नाही असे सांगण्यात आले. ते खरेच आहे. आम्ही हिशेब पाहिला आहे. त्याच सभेत रंगमंचाच्या नव्या मखमली पडद्यांचा आणि ‘जिद्द’ स्मरणिकेच्या रंगीत छपाईचा खर्च मंजूर झाला, हेही खरे आहे.

उद्वाहक आम्ही मागत नाही. तळमजल्याच्या खोलीला तीन पायऱ्या आहेत, प्रत्येकी १५ सेंटिमीटरची. बाराला एक या मानाने उतार करायचा तर तो ५.४ मीटर लांबीचा होतो; बाजूच्या सायकली लावण्याच्या जागेत तो मावतो, आम्ही फीत धरून मोजले आहे. विटा, सिमेंट, दोन्ही बाजूंना कठडा, आणि तळमजल्यावरच्या स्वच्छतागृहाचे दार थोडे रुंद करणे, इतके काम आहे. स्मरणिकेला लागला त्याहून हा खर्च कमी येईल, असे आम्हांला दोन गवंड्यांनी सांगितले. प्रदर्शनांच्या भाड्यातून महिन्याचा एक रविवार वगळावा आणि त्या रविवारी मासिक चर्चा तळमजल्यावर घ्यावी. हा ठराव आम्ही येत्या वार्षिक सभेसाठी लेखी दिला आहे. त्यावर नऊ सभासदांच्या सह्या आहेत. सभेची जागा सूचनापत्रात नेहमीप्रमाणे ‘वरचे सभागृह’ अशी छापून आली आहे. ती बदलून तळमजला करावी, अशी पुरवणी मागणी आम्ही या लेखाद्वारे करीत आहोत, म्हणजे ठरावावर ज्यांचे मत सर्वांत मोलाचे आहे त्यांना ते स्वतः मांडता येईल.